योगवर्गात हसू आले तर ते आवरावे की येऊ द्यावे?

पहाटवर्ग (प्रश्न)

नमस्कार. साताऱ्यातील एका गृहनिर्माण संस्थेच्या सभागृहात मी गेली ११ वर्षे सकाळी सहा ते सात या वेळेत योगवर्ग घेते. सध्या वर्गाला २६ जण येतात आणि त्यांतील निम्म्याहून अधिक साठीच्या पुढचे आहेत.

गेल्या महिन्यात पवनमुक्तासन, म्हणजे पाठीवर झोपून मांडी पोटाशी दाबण्याचे आसन, चालू असताना एका काकूंकडून आवाजासह वायू सरला. शेजारच्या दोघींना हसू फुटले, त्यांचे पाहून पलीकडच्यांना, आणि बघता बघता सभागृहभर खसखस पिकली. मलाही हसू आले. काकू स्वतःही त्या क्षणी हसल्या, परंतु दुसऱ्या दिवसापासून त्या वर्गाला आलेल्या नाहीत. वर्ग संपल्यावर आमचे सर्वांत ज्येष्ठ साधक, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, ते मला बाजूला घेऊन म्हणाले की योग ही साधना आहे, तिथे थट्टामस्करीला जागा देऊ नये, आणि त्यांनी ‘टवाळा आवडे विनोद’ हे समर्थांचे वचन ऐकवले. त्याच दिवशी एका तरुण मुलीने नेमके उलटे सुचवले. तिच्या मते वर्गाच्या शेवटी रोज दहा मिनिटे हास्ययोगच घ्यावा, म्हणजे सगळ्यांचा संकोच जाईल.

माझा स्वतःचा अनुभव या दोहोंच्या मधला आहे. वृक्षासनात तोल गेल्यावर जो खुदकन हसतो, तो दुसऱ्या खेपेला बहुधा अधिक स्थिर उभा राहतो, आणि जो दातओठ खाऊन पुन्हा पाय उचलतो, तो पुन्हा पडतो, हे मी शेकडो वेळा पाहिले आहे. तरीही वर्गातील हसण्याला परंपरेत कुठे आधार आहे का, शरीराच्या दृष्टीने ते केव्हा चांगले आणि केव्हा घातक, आणि काकूंच्या बाबतीत मी आता काय करावे, हे मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे. काकूंचा प्रश्न मला सर्वांत जास्त टोचतो आहे.

पोथीवाचक

आपल्या निरीक्षणाला पातंजल योगसूत्रांत चांगला आधार आहे, मात्र तो सहसा सांगितला जातो त्या ठिकाणी नाही. ‘स्थिरसुखमासनम्’, म्हणजे आसन स्थिर आणि सुखकर असावे, हे सूत्र प्रत्येक वर्गात म्हटले जाते. त्याच्या पुढचेच सूत्र, ‘प्रयत्नशैथिल्यानन्तसमापत्तिभ्याम्’, फारसे कोणी म्हणत नाही. प्रयत्न सैल झाल्याने आणि चित्त अनंताशी एकरूप झाल्याने आसन सिद्ध होते, असे त्यात म्हटले आहे. व्यासभाष्य, म्हणजे या सूत्रांवरची प्राचीन टीका, त्यावर सांगते की प्रयत्न थांबला म्हणजे आसन साधते आणि अंगाला कंप सुटत नाही. हा अंगाचा कंप, म्हणजे ‘अङ्गमेजयत्व’, पहिल्या पादातील (अध्यायातील) ३१व्या सूत्रात आधीच येऊन गेलेला आहे. चित्तविक्षेपाबरोबर दुःख, दौर्मनस्य, अंगाचा कंप आणि विस्कळीत श्वास-प्रश्वास येतात, असे तिथे सांगितले आहे, आणि दौर्मनस्य म्हणजे काय, तर इच्छेचा विघात झाल्यामुळे चित्ताला होणारा क्षोभ, अशी व्याख्या भाष्यकार देतात.

आता आपल्या वृक्षासनातील साधकाकडे पाहा. एका पायावर उभे राहण्याची इच्छा होती, तिचा विघात झाला, चित्त क्षुब्ध झाले, त्या क्षोभाने अंग आणखी थरथरले आणि श्वासही अडखळला. एका सूत्रातले चारही सोबती अर्ध्या मिनिटात हजर झाले. जो हसतो त्याच्या बाबतीत ही साखळी दुसऱ्याच कडीवर तुटते, कारण पडण्याचे दौर्मनस्य होतच नाही. सूत्रात हास्याचा उल्लेख नाही, हे मी स्पष्ट सांगतो, परंतु हास्याने होणारे काम सूत्रात सांगितलेल्या कामाच्या फार जवळचे आहे. काही जण या संदर्भात ‘मुदिता’ हा शब्द पुढे करतात. तो ओढूनताणून हास्याशी जोडू नये, असे मला वाटते, कारण मुदिता म्हणजे पुण्यवानाविषयी वाटणारा आनंद आणि तिचा विषय वेगळा आहे.

आबांचे म्हणणेही मी सोडून देणार नाही. हठप्रदीपिका या हठयोगावरील ग्रंथात योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टींत ‘प्रजल्प’, म्हणजे वायफळ बडबड, मोजलेली आहे, त्यामुळे वर्गभर विनोद करीत राहणाऱ्या शिक्षकाला त्या ग्रंथाचा पाठिंबा मिळणार नाही. मात्र त्याच श्लोकात ‘नियमग्रह’ हाही दोष सांगितला आहे, आणि नियमांना आंधळेपणाने धरून बसणे असा त्याचा अर्थ केला जातो. समर्थांचे वचन दासबोधात श्रवणाच्या विवेचनात येते, आणि कोणत्या प्रवृत्तीच्या माणसाला काय गोड लागते हे तिथे सांगितले जात आहे. त्या ओवीत ‘टवाळ’ हा शब्द वजनाचा आहे. टवाळी हा वेगळा धंदा आहे आणि तोल गेल्यावर आलेले हसू वेगळे.

याहून नेमका भेद हवा असेल तर भरतमुनींच्या नाट्यशास्त्र या ग्रंथाकडे जावे लागेल. तिथे हास्याचे सहा प्रकार दिलेले आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. स्मितात गाल किंचित फुलतात आणि दात दिसत नाहीत, तर अतिहसितात डोळ्यांना पाणी येते आणि हसणारा दोन्ही हातांनी कुशी दाबून धरतो. यांपैकी अपहसिताच्या लक्षणात ‘अस्थानी हसणे’ येते. पहिले दोन प्रकार उत्तम, मधले दोन मध्यम आणि शेवटचे दोन अधम माणसांचे मानले आहेत. हसू किती मोठे, याच्याइतकेच ते कुठे आले, यालाही तिथे महत्त्व आहे.

श्वासपटल

मी भौतिकोपचार (फिजिओथेरपी) क्षेत्रात काम करते आणि माझ्याकडे योगवर्गांतून येणारे रुग्ण बरेच असतात, म्हणून आपल्या दुसऱ्या प्रश्नापुरतेच लिहिते.

खळखळून हसणे म्हणजे एकामागोमाग एक येणाऱ्या छोट्या रेचकांची, म्हणजे श्वास बाहेर टाकण्याची, मालिका असते. श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला श्वसनाचा पडदा), फासळ्यांमधील स्नायू आणि पोटाचे स्नायू तालात आकुंचन पावतात, फुप्फुसांतील हवा एरवीच्या उच्छ्वासानंतर उरते त्याहून बरीच कमी होते आणि मग खोल श्वास आपोआप आत येतो. कपालभातीतही रेचक प्रयत्नाने आणि पूरक, म्हणजे श्वास आत घेणे, आपोआप होतो, म्हणून दोहोंत साम्य दिसते. पण कपालभातीत ताल आपल्या हातात असतो आणि हसण्यात आपण तालाच्या हातात असतो. त्याच वेळी हातापायांच्या स्नायूंचा ताण उतरतो. ‘हसून हसून गळून गेलो’ असे आपण म्हणतो, ते शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही खरे आहे.

यावरून एक गोष्ट ठामपणे सांगते. शीर्षासन, सर्वांगासन, हलासन या आसनांत मानेवर किंवा खांद्यांवर भार असतो, तेव्हा शिक्षकाने हसवू नये आणि कोणाला हसू आलेच तर आधी त्याला खाली आणावे. वृक्षासनात हसून पाय जमिनीवर टेकला तर काही बिघडत नाही, परंतु सर्वांगासनात हसताना मान वळली तर महिनोन्महिने उपचार घ्यावे लागू शकतात. हर्निया, पोटाची नुकती झालेली शस्त्रक्रिया, आटोक्यात नसलेला रक्तदाब, काचबिंदू किंवा डोळ्यांचे अलीकडचे ऑपरेशन असलेल्यांनी मुद्दाम जोर लावून हसण्याचे व्यायाम करू नयेत. सहज आलेल्या हसण्याला मात्र कोणी घाबरू नये.

हसण्याच्या लाभांविषयी बरेच काही वाढवून सांगितले जाते, त्यामुळे मी एकाच अभ्यासाचा उल्लेख करते. ऑक्सफर्डचे रॉबिन डनबार आणि त्यांचे सहकारी यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, इतरांबरोबर बसून मनापासून हसल्यानंतर माणसांची वेदना सहन करण्याची मर्यादा वाढलेली आढळली. त्यांच्या मते शरीरात स्रवणारी, वेदना कमी करणारी एंडॉर्फिन द्रव्ये याला कारण असावीत. त्यांपैकी एका प्रयोगात वेदनेची चाचणी म्हणून भिंतीला पाठ टेकवून खुर्चीत बसल्यासारखे, म्हणजे आपल्या उत्कटासनासारखे, उभे राहायला लावले होते. योगशिक्षकांना हा तपशील जवळचा वाटेल.

आता पवनमुक्तासन. उजवी मांडी पोटाशी दाबली की मोठ्या आतड्याच्या चढत्या भागावर आणि डावी दाबली की उतरत्या भागावर दाब येतो, म्हणून आधी उजवा पाय घेण्याची पद्धत आहे. वायू सरणे हे या आसनाचे फळ आहे, अपघात नव्हे, आणि ही गोष्ट आसन शिकवतानाच गंभीरपणे सांगितली पाहिजे. अनेक शिक्षक संकोचाने ती सांगत नाहीत आणि मग प्रत्यक्ष घडल्यावर सगळ्यांचीच तारांबळ उडते.

आणखी एक शक्यता मनात ठेवा. बाळंतपणे झालेल्या आणि पाळी गेलेल्या अनेक स्त्रियांचे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल झालेले असतात. जोरात हसले, खोकले किंवा शिंकले की त्यांना थेंब थेंब लघवी होते. त्या कोणाजवळ बोलत नाहीत, नुसते येणे बंद करतात. अशा वेळी लाज हसण्याची नसते, हसल्यावर काय होईल याची असते. या स्नायूंचे व्यायाम शिकवता येतात आणि त्यांचा चांगला उपयोग होतो. काकूंना एकटे गाठून, जमल्यास एखाद्या बाईमाणसाच्या सहजपणाने, हे विचारता आले तर विचारा.

मुठाकाठ

मी पुण्यातील एका बागेत भरणाऱ्या हास्ययोगाच्या शाखेत १४ वर्षे जातो, तेव्हा त्या तरुण मुलीच्या सूचनेविषयी बोलणे माझ्याकडे येते.

हास्यक्लबची सुरुवात मुंबईत १३ मार्च १९९५ रोजी झाली. डॉ. मदन कटारिया यांनी अंधेरीच्या लोखंडवाला भागातील एका बागेत सकाळी फिरायला येणाऱ्यांना गोळा केले, तेव्हा पहिल्या दिवशी अवघे पाच जण होते. प्रारंभी ही मंडळी वर्तुळ करून एकमेकांना विनोद सांगत. काही दिवसांतच विनोदांचा साठा संपला, आणि त्याहून वाईट म्हणजे उरलेले विनोद कोणाला तरी बोचू लागले, बायकांवरचे, जातीपातीवरचे, असभ्य. तेव्हा विनोद पूर्णपणे बंद करण्यात आले आणि विनोदाशिवाय हसण्याचे व्यायाम आले. कटारियांच्या पत्नी माधुरी या योगशिक्षिका आहेत, त्यामुळे मधूनमधून दीर्घ श्वसन घेण्याची पद्धत योगातून आली आणि पुढे त्याला हास्ययोग हे नाव मिळाले. पुण्यात विठ्ठल काटे यांच्या नवचैतन्य हास्ययोग परिवाराने हे काम बागाबागांत नेले.

विनोद बंद का झाले, ही यातली महत्त्वाची गोष्ट आहे, आणि नव्या लोकांना ती ठाऊक नसते. हसायला निमित्त लागत असेल तर ते निमित्त आज ना उद्या एखादा माणूसच होतो. आमच्याकडे टाळ्यांच्या तालावर ‘हो हो, हा हा हा’ होते, तेव्हा कोणीच कोणाला हसत नसतो. सुरुवातीचे काही क्षण हसू आणलेले असते, मग समोरच्याच्या डोळ्यांत पाहता पाहता ते खरे होते. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी संशोधकाने दाखवले होते की माणूस एकटा असताना जितका हसतो त्याच्या सुमारे तीसपट तो इतरांच्या सहवासात हसतो. आमच्या बागेत एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांचे येणे पावसाळ्यातही का चुकत नाही, हे मला त्यावरून कळले.

इतके असूनही, आपल्या वर्गाच्या शेवटी रोज दहा मिनिटे हास्ययोग जोडू नये, असेच माझे मत आहे. शवासनाने शांत झालेल्या माणसांना उठवून ‘हो हो, हा हा’ करायला लावणे हा दोन्ही गोष्टींवर अन्याय आहे. घ्यायचाच असेल तर वेगळ्या दिवशी, उघड्यावर आणि ज्याला यावेसे वाटेल त्याच्यासाठी घ्यावा. शिवाय काकूंच्या दुखण्यावर तो इलाज नाही. सगळे मिळून विनाकारण हसणे आणि एकीच्या बाबतीत घडलेल्या गोष्टीवर सगळ्यांनी हसणे, यांत फार अंतर आहे.

मागची रांग

मी शिक्षक नाही, जाणकार नाही. मी त्या काकूंच्या जागी होतो, म्हणून लिहितो आहे.

मी अंगाने स्थूल आहे. काही वर्षांपूर्वी नाशकात एका वर्गाला जात असे. पश्चिमोत्तानासनात माझे हात गुडघ्यांच्या फार पुढे जात नव्हते. शिक्षकांनी माझ्या पोटाविषयी काहीतरी म्हटले. त्यांच्या मनात वाईट नव्हते, हे मला तेव्हाही कळत होते. चाळीस माणसे हसली आणि मीही हसलो. त्यानंतर मी सहा वर्षे कोणत्याही योगवर्गाची पायरी चढलो नाही. ‘काकू स्वतःही हसल्या’ हे आपण लिहिले आहे आणि त्यात आपल्याला थोडा दिलासा वाटत असावा, म्हणून सांगतो की त्या हसण्यावर विसंबू नका. चाळीस जण हसत असताना न हसणे हे एकट्या माणसाला जमत नाही.

आपल्या भाषेत हसू येते आणि हसे होते. एका मात्रेचा फरक आहे, पण हसू माणसाचे स्वतःचे असते आणि हसे इतरांनी केलेले असते. माझे हसे झाले होते.

पुढे डॉक्टरांनी आग्रह केल्यामुळे दुसऱ्या एका वर्गाला गेलो आणि सवयीने शेवटच्या रांगेत भिंतीशी जागा धरली. तिथले सर एके दिवशी बकासन दाखवताना पुढे झुकले आणि सरळ उशीवर नाक टेकून पडले. उठून त्यांनी स्वतःच हसत म्हटले, ‘आज बगळा पाण्यात पडला, पुन्हा बघू.’ आणि पुन्हा करून दाखवले. सगळे हसले. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटले की या खोलीत पडलो तरी चालेल. नंतरच्या चार वर्षांत मी तिथे अनेकदा पडलो, शवासनात घोरलो, सिंहासनात जीभ बाहेर काढून समोरच्याकडे पाहताना आम्हा दोघांची मुरकुंडी वळली. त्यांपैकी एकदाही मला ते जुने वाटणे वाटले नाही, कारण त्या वर्गात सर्वांत आधी सर हसले होते, आणि ते स्वतःच्या पडण्याला हसले होते.

काकूंच्या घरी जा. सर्वांसमोर क्षमा मागू नका, त्याने पुन्हा सगळ्यांचे डोळे त्यांच्याकडे वळतील. त्यांची जागा राखून ठेवली आहे, एवढे सांगा.

पहाटवर्ग

सर्वांचे मनापासून आभार. आपण लिहिलेले मी दोनदा वाचले आणि त्यातील ‘हसू’ आणि ‘हसे’ यांचा भेद कागदावर उतरवून घेतला.

रविवारी दुपारी मी काकूंकडे गेले. ‘श्वासपटल’ यांनी सुचवलेली गोष्ट मी आडपडद्याने विचारली. काकूंनी ती आपली अडचण नसल्याचे सांगितले, परंतु वर्गातील दुसऱ्या दोघींना तो त्रास आहे हे त्यांना ठाऊक होते, आणि त्यासाठीचे व्यायाम मी आता सर्वांनाच शिकवणार आहे. काकूंचे दुखणे निराळेच निघाले. वर्गातल्या हसण्याचे त्यांना काहीच वाटले नव्हते, त्यांना खरोखरच हसू आले होते. त्याच संध्याकाळी त्यांच्या इमारतीतील भिशीत ही हकिगत कोणीतरी रंगवून सांगितली आणि तिथे, जिथे त्या नव्हत्या, तिथे त्यांचे हसे झाले. सुनेने घरी येऊन विचारल्यावर त्यांना ते कळले. मी महिनाभर सभागृहातील पंधरा सेकंदांचा विचार करीत राहिले आणि जखम तिसऱ्याच ठिकाणी झाली होती.

सोमवारी वर्गात मी कोणाचेही नाव न घेता एवढेच सांगितले की या सभागृहात जे घडेल ते या सभागृहात राहील, पडणे, घोरणे, वायू सरणे, रडणेसुद्धा. शवासनात डोळ्यांतून पाणी येणारे साधकही माझ्याकडे आहेत, तेव्हा हा नियम केवळ हसण्यापुरता नाही. पवनमुक्तासनापूर्वी त्याच्या नावाचा अर्थ आणि आतड्यांवर येणारा दाब समजावून सांगितला. आबांना मी हठप्रदीपिकेचा श्लोक दाखवला. त्यांनी तो सावकाश दोनदा वाचला आणि म्हणाले की समर्थांचे वचन मी चुकीच्या लोकांना ऐकवले, ते भिशीत सांगणारीला ऐकवायला हवे होते.

हास्ययोग आम्ही महिन्यातील पहिल्या शनिवारी गच्चीवर घेणार आहोत, आणि तो घेण्याची जबाबदारी त्या तरुण मुलीनेच उचलली आहे.

काकू परवा आल्या. त्यांची खिडकीजवळची जागा मोकळी ठेवली होती, तिथे त्यांनी सतरंजी अंथरली. पवनमुक्तासनात उजवा पाय झाला, डावा झाला, दोन्ही झाले आणि सभागृहात कोणाचाही काही आवाज आला नाही. त्या शांततेतच काकूंना पहिल्यांदा हसू फुटले, आणि मग आम्हा सगळ्यांना.